सर्वांत श्रद्धाळू मुलेच सभेला का येत नव्हती? शिकागोच्या साउथ साइडवरील एका विद्यार्थी-सेवेचे प्रकरण

हे प्रकरण महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे बायबल अभ्यासगट चालवणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेचे, २०१४ ते २०१८ या काळातले आहे आणि ते घडले शिकागो शहराच्या दक्षिण भागात, म्हणजे साउथ साइडला. महाविद्यालय, चर्च आणि संस्था यांची नावे दिलेली नाहीत. माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. त्या वर्षांत मी संस्थेच्या शहर-समितीवर होतो, त्यामुळे यातले बरेच निर्णय माझ्यासमोर झाले. आपल्याकडे चर्चचे युवक संघ किंवा विद्यार्थ्यांचे प्रार्थनागट चालवणाऱ्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. चर्चशी संबंध नसलेल्या, पण वस्तीतल्या कॉलेजात काम करणाऱ्या माणसालाही वाटेल.

पार्श्वभूमी

१९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसे अमेरिकेची दक्षिणेकडची राज्ये सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत आली. मिसिसिपीतून निघालेले पुष्कळ जण इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला उतरले. साउथ साइडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात राहिले, कारण बाकी शहरात त्यांना कुणी घर देत नव्हते. येताना त्यांनी आपले चर्च बरोबर आणले. संगीतकार टॉमस डॉर्सी यांनी १९३० च्या दशकात गॉस्पेल संगीताला, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चमधल्या भक्तिसंगीताला, आकार दिला तो इथल्याच पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये. पुढे कामे गेली. साउथ साइडचा विस्कॉन्सिन स्टील कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि यूएस स्टीलचा साउथ वर्क्स १९९२ मध्ये. २०१३ साली शहराने एकदम सुमारे ५० सरकारी शाळा बंद केल्या आणि त्यांतल्या बहुतेक शाळांमधली मुले कृष्णवर्णीय होती.

शिकागोतली बरीच मराठी कुटुंबे नेपरव्हिल, शॉमबर्ग अशा उपनगरांत राहतात. शहर-रेल्वेची रेड लाइन जिथे संपते त्या ९५ व्या रस्त्यापर्यंत जाण्याचे त्यांना सहसा कारण पडत नाही. म्हणून त्या भागाबद्दल आपल्या कानावर येते ते टीव्हीवरच्या गोळीबाराच्या बातम्यांपुरतेच. प्रत्यक्षात तिथे रविवारी सकाळी रस्त्यारस्त्यावर टोप्या घातलेल्या आजीबाई, इस्त्रीच्या शर्टातली पोरे आणि दारातच हात हातात घेऊन स्वागत करणारे स्वयंसेवक दिसतात.

महाविद्यालय सरकारी आणि बहुतांश कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे. वसतिगृहात राहणारे अगदी थोडे, बाकी सगळे घरून येऊन-जाऊन शिकणारे. पंचविशी ओलांडलेले पुष्कळ, आणि त्यांतल्या कित्येक जणी आया झालेल्या. कुणी ओहेअर विमानतळावर सामान चढवतो, कुणी गोदामात रात्रपाळी करतो, कुणी नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालते आणि मग वर्गात येऊन बसते.

संस्था देशभर विद्यापीठांत बायबल अभ्यासगट चालवणारी. तिचा साचा ठरलेला होता. आठवड्याला एक मोठी संध्याकाळची सभा, वसतिगृहाच्या खोल्यांमधून छोटे अभ्यासगट, शरद ऋतूत विस्कॉन्सिनच्या तळ्याकाठी शिबिर, आणि कार्यकर्त्याचा पगार त्याने स्वतः देणगीदार शोधून उभा करायचा. साउथ साइडच्याच हाइड पार्क भागातल्या श्रीमंत खासगी विद्यापीठात हाच साचा छान चालला होता.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये साउथ साइडच्या महाविद्यालयावर जी कार्यकर्ती नेमली, ती तिथलीच, कृष्णवर्णीय, तिशीच्या आतली. चर्च ऑफ गॉड इन क्राइस्ट या पेंटेकोस्टल पंथातल्या घरात वाढलेल्या, राज्याच्या विद्यापीठात शिकताना गॉस्पेल गायनवृंदात गायलेल्या. विद्यार्थी त्यांना ‘मिस’ म्हणत. या लेखात मी त्यांना नुसते ‘बाई’ म्हणेन.

अडचण

पहिले वर्ष बरे गेले. २०१५ च्या शरद ऋतूत मात्र गुरुवारी संध्याकाळी सातच्या सभेला पाच-सहाच टाळकी उरली. कधी त्याहून कमी. संस्थेच्या विभागप्रमुखांनी अहवाल वाचून निष्कर्ष काढला की विद्यार्थ्यांमध्ये निष्ठा कमी पडते आहे आणि बाईंनी नेतृत्व-प्रशिक्षण वाढवावे.

बाईंनी अहवालाऐवजी मुलांच्या आठवड्याची विचारपूस केली. कोण गुरुवारी सातला कुठे असतो, हे एकेकाला विचारून लिहून काढले. काही कामावर होते, हे अपेक्षितच होते. काहींना अंधार पडल्यावर बाहेर राहायला घरून परवानगी नव्हती, कारण नऊनंतर बसगाड्या विरळ होतात आणि थांब्यावर एकटे उभे राहणे आईला नको असते. पण यादीत एक गोष्ट अशी निघाली की समितीत आम्ही सगळे गप्प झालो. जी मुले सर्वांत श्रद्धाळू होती, ज्यांच्यावर गट उभा राहायला हवा होता, ती गुरुवारी संध्याकाळी आपापल्या चर्चमध्ये गायनवृंदाच्या तालमीला होती. बुधवारी बायबल अभ्यास, गुरुवारी तालीम, शनिवारी चर्चची साफसफाई आणि स्वयंपाक. आम्ही ज्याला निष्ठेचा अभाव म्हणत होतो ती भरगच्च निष्ठा होती, फक्त ती आमच्या तक्त्यात मोजली जात नव्हती.

दुसरी अडचण पैशाची. १ जुलै २०१५ पासून इलिनॉय राज्याला पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता. गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात हे दोन वर्षांहून जास्त चालले. गरीब विद्यार्थ्यांना राज्याकडून मिळणारे शैक्षणिक अनुदान अडकले. फीची बाकी राहिली की पुढच्या सत्राची नोंदणी अडते आणि कधीकधी ही बाकी काहीशे डॉलरचीच असते. शिवाय खाण्याचे हाल. केंद्र सरकारची अन्नमदत अर्धवेळ किंवा जास्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही. ती मिळण्याचा एक मार्ग म्हणजे आठवड्याला किमान २० तास नोकरी करणे. म्हणजे जेवणासाठी नोकरी, नोकरीमुळे वर्ग बुडणार, आणि वर्ग बुडले की अनुदान धोक्यात.

तिसरी अडचण प्रश्नाची होती, आणि माझ्या मते सगळ्यांत खोल. दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता, इतिहासाचा. तो सभेला यायचा, मागे बसायचा आणि एकच गोष्ट विचारायचा: ज्यांनी माझ्या खापरपणजोबाला विकले त्यांचाच हा देव, मग मी त्याच्यापुढे गुडघे का टेकू? हा प्रश्न त्या रस्त्यांवर हवेतच आहे. नेशन ऑफ इस्लाम या कृष्णवर्णीय मुस्लिमांच्या संघटनेचे मुख्यालय साउथ साइडलाच, स्टोनी आयलंड अव्हेन्यूवर. त्यांचे सूट आणि बो-टाय घातलेले तरुण चौकात वर्तमानपत्र विकतात, आणि त्यांच्या शिस्तीचा मुलांना आदर वाटतो. स्वतःलाच खरे इस्राएली मानणारे गट शहरात भरगर्दीच्या जागी मोठमोठ्याने शास्त्र वाचतात. मुख्य कार्यालयाने पाठवलेल्या अभ्यासपुस्तिकांत विज्ञान आणि श्रद्धा होते, लग्नाआधीचे संबंध होते, करिअर निवडताना देवाची इच्छा कशी ओळखावी हे होते. या मुलाच्या प्रश्नासाठी एक पानही नव्हते.

२४ नोव्हेंबर २०१५

लक्वान मॅकडॉनल्ड हा १७ वर्षांचा मुलगा. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री शिकागोच्या एका पोलिसाने त्याच्यावर १६ गोळ्या झाडल्या. त्याची चित्रफीत वर्षभर दाबून ठेवलेली होती. न्यायालयाच्या आदेशाने ती मंगळवार, २४ नोव्हेंबर २०१५ रोजी बाहेर आली आणि त्याच दिवशी त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला.

तो थँक्सगिव्हिंगचा आठवडा होता. गुरुवारी सुट्टी, म्हणजे सभा नाहीच. मुख्य कार्यालयातून मेल आला की सोबतच्या मजकुराप्रमाणे शांततेसाठी प्रार्थना घ्यावी आणि राजकीय भूमिका टाळावी. बाईंपुढे खरा निर्णय एवढाच होता: पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचे की नाही. त्या थांबल्या नाहीत. बुधवारी दुपारी विद्यार्थी-भवनातली एक खोली मागून घेतली आणि मुलांना निरोप धाडला की मी बारा वाजल्यापासून इथे आहे, कार्यक्रम काही नाही.

खोली भरली. गुरुवारी कधीही न दिसलेली मुले आली. बाईंनी तेरावे स्तोत्र वाचले, ज्यात स्तोत्रकर्ता देवाला ‘कुठवर’ असे पुन्हापुन्हा विचारतो, आणि मग त्या गप्प बसल्या. मुले बोलली. काही रडली. एका मुलीने सांगितले की तिचा भाऊ त्याच वयाचा आहे आणि ती आता त्याला रात्री दुकानातही पाठवणार नाही. इतिहासाचा तो विद्यार्थी सगळा वेळ बसून होता.

त्याच खोलीत पुढचा पेच उभा राहिला. शुक्रवारी मिशिगन अव्हेन्यूवर, वर्षातल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी, मोर्चा निघणार होता. गटाने आपल्या फलकासह जायचे का? बाईंनी ठरवले की ज्याला जायचे आहे त्याने स्वतःच्या नावाने जावे, त्या स्वतः बरोबर असतील, संस्थेचा फलक नसेल. मुलांपैकी काहींना हे कचखाऊ वाटले. संस्थेतल्या काहींना हेच अति वाटले. मला तो निर्णय त्या दोन दिवसांत घेता येण्याजोगा सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. विद्यार्थी एकटे पडले नाहीत आणि ज्या संस्थेने अजून तोंडच उघडले नव्हते तिच्या तोंडी शब्दही घातले गेले नाहीत. त्या मोर्चातले बाईंचे एक छायाचित्र फेसबुकवर फिरले आणि त्याची किंमत त्यांनी पुढे मोजली. ते पगाराच्या भागात येईल.

ही चर्चा त्या एका कॉलेजापुरती नव्हती. त्याच डिसेंबरमध्ये सेंट लुइसला ‘अर्बाना’ हे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे मोठे संमेलन भरले आणि तिथे व्यासपीठावरून कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी हिंसाचाराविरुद्धच्या ब्लॅक लाइव्हज मॅटर चळवळीच्या बाजूने बोलले गेले. त्यावर देशभर वाद झाला. ते संमेलन भरवणारी संस्था वेगळी, या प्रकरणातली वेगळी. पण प्रश्न तोच होता आणि जुना होता. १९७० च्या अर्बाना संमेलनात न्यूयॉर्कच्या हार्लेमचे कृष्णवर्णीय धर्मप्रचारक टॉम स्किनर याच विषयावर बोलले होते, आणि कार्ल एलिस यांच्यासारख्या कृष्णवर्णीय विद्यार्थी-कार्यकर्त्यांनी खटपट करून कृष्णवर्णीय मुलांना तिथवर आणले होते.

समोरचे पर्याय

जानेवारी २०१६ मध्ये समितीपुढे चार मार्ग होते.

काम बंद करून बाईंना दुसरीकडे पाठवणे हा पहिला. आकड्यांकडे पाहिले तर यात चूक काही नव्हते आणि विभागप्रमुखांचा कल तिकडेच होता.

दुसरा, हाइड पार्कच्या गटात विलीन होणे. तिथे संगीत होते, पैसा होता, दोनशे पावलांवर वसतिगृहे होती. संस्था गाडीची सोय करायला तयार होती. याची चाचणी घेतली. काही मुले दोन-तीनदा जाऊन आली. कुणीही त्यांच्याशी वाईट वागले नाही, उलट फारच अगत्याने वागले. पण गप्पा चालल्या होत्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपच्या आणि परदेशातल्या सत्राच्या. आमच्या मुली भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या, कारण साडेनऊला घरी पोहोचून बाळ आजीकडून ताब्यात घ्यायचे होते. एक मुलगी परत आल्यावर म्हणाली, “तिथे मी पाहुणी होते. मला पाहुणी व्हायचं नाहीये, मिस.” या वाक्याने तो पर्याय माझ्यापुरता संपला.

तिसरा पर्याय कॉलेजजवळच्या एका बॅप्टिस्ट चर्चकडून आला. पाळकसाहेबांनी तळघरातला हॉल आणि स्वयंपाकघर देऊ केले. चर्चमधल्या वयस्क बायका, ज्यांना मानाने ‘मदर’ म्हणतात, जेवण करायला तयार होत्या. धोका उघड होता. मुले बॅप्टिस्ट होती, मेथडिस्ट होती, पेंटेकोस्टल होती, कुठल्याच चर्चला न जाणारीही होती. एका चर्चच्या तळघरात बसलो की गट त्या चर्चचा युवक संघ होणार, आणि बाकीचे पाळक म्हणणार की आमची मेंढरे पळवता.

चौथा पर्याय बुधवारच्या त्या दुपारने दाखवून दिलेला होता. कॉलेजच्या वेळापत्रकात दुपारी तासाभराची सामाईक सुट्टी होती. सभा तिथे न्यायची.

समितीत वाद चांगलाच झाला. दुपारच्या तासाला ‘खरी सभा’ म्हणता येईल का, असे एका सदस्याने विचारले. पन्नास मिनिटांत गाणी, संदेश, प्रार्थना आणि संगती कशी बसवणार? बाईंचे उत्तर होते की गाणी मुले रविवारी गातात, संदेश रविवारी ऐकतात, चर्च त्यांना आहेच. त्यांना जे मिळत नाही तेवढेच आपण द्यावे: कॉलेजच्या आवारात एकमेकांना ओळखणे आणि जे प्रश्न चर्चमध्ये विचारायला भीती वाटते ते शास्त्र उघडून विचारणे. मला वाटते, सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. तोवर आम्ही चर्चची एक छोटी प्रत काढायला निघालो होतो, आणि ते अशा भागात, जिथे चर्चची उणीव कधीच नव्हती.

काय केले

सभा बुधवारी दुपारी, आवारातच. जेवण चर्चच्या स्वयंपाकघरातून. पाळकसाहेबांशी तोंडी ठरले की कॉलेजात कुणालाही त्यांच्या चर्चचे सभासदत्व सुचवायचे नाही आणि रविवारी ज्याने त्याने आपल्या चर्चला जायचे.

मदर मंडळींनी जे केले ते कुणी योजून केलेले नव्हते. दोन आठवड्यांत त्यांच्या ध्यानात आले की काही मुले ताटातले अर्धे बाजूला ठेवतात. पुढच्या वेळी त्या न विचारता ॲल्युमिनियमची फॉइल आणि झाकणाचे डबे घेऊन आल्या आणि उरलेले सगळ्यांच्याच हातात देऊ लागल्या. ज्याला गरज होती त्याला मागावे लागले नाही आणि ज्याला नव्हती त्यालाही डबा मिळाला. विद्यार्थ्यांच्या उपासमारीवर मी पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत. त्या बायकांनी तो विषय ज्या सन्मानाने हाताळला तसा मी दुसरीकडे पाहिला नाही.

अभ्यासासाठी बाईंनी पुस्तिका बाजूला ठेवून बायबलमधले ‘निर्गम’ हे पुस्तक घेतले. पहिल्याच दिवशी १८०७ साली लंडनमध्ये छापलेल्या एका बायबलची गोष्ट सांगितली. वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी निवडक उतारे घेऊन ते केले होते आणि इस्राएली लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून सुटतात तो भागच त्यातून गाळला होता. ती पाने गाळावीशी वाटणाऱ्यांना काय ठाऊक होते, असे त्यांनी मुलांना विचारले. त्या प्रश्नावर तास संपला तरी कुणी उठेना. पुढे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला इथिओपियाचा दरबारी आला, ज्याचा बाप्तिस्मा रोमन सैन्यातला अधिकारी कर्नेल्य याच्या आधी सांगितला आहे. आजच्या अल्जीरियात ३५४ साली जन्मलेला ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीन आला. चौथ्या शतकात आजच्या इथिओपियातल्या अक्सूमचा राजा एझाना याने नाण्यांवर क्रूस घेतला, तेही आले. मग फिलाडेल्फियाचे रिचर्ड ॲलन, गुलामीतून सुटलेले, ज्यांनी गोऱ्यांच्या चर्चमधला अपमान सोसायचे नाकारले आणि १८१६ साली स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळी उभी केली. आणि गुलामीतून पळून सुटलेले लेखक फ्रेडरिक डग्लस, ज्यांनी १८४५ मध्येच स्पष्ट लिहिले की गुलाम राखणाऱ्या देशाचा ख्रिस्ती धर्म वेगळा आणि ख्रिस्ताचा वेगळा.

इतिहासाच्या त्या विद्यार्थ्याला उत्तर देण्याऐवजी बाईंनी डग्लसवरचा तास त्यालाच चालवायला दिला. समितीतल्या काहींना हे पटले नाही: जो विश्वासी नाही त्याच्या हाती अभ्यास कसा द्यायचा? बाईंनी ऐकले नाही, आणि त्यांनी ऐकले नाही हे फार बरे झाले. त्याने तो तास पोटतिडकीने घेतला. 

मला हा सगळा भाग जवळचा वाटतो त्याला कारण आहे. अहमदनगरच्या ख्रिस्ती घरांत वाढलेल्या प्रत्येकाने ‘तुमचा धर्म साहेबाचा’ हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते. नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त गायला तो हेच ओझे उतरवायला. आणि या दोन प्रांतांचा धागा त्याहून जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाईंना हे मी सांगितले तेव्हा त्यांनी ते पुढच्याच बुधवारी मुलांना सांगितले.

पैशाचा प्रश्न जास्त नाजूक होता. आधी बाई स्वतःच्या खिशातून बसचे पास भरत होत्या, कुणाला न सांगता. संस्थेतून निधी काढायचा तर प्रत्येक मुलाचा अर्ज बाईंकडे येणार, आणि जिच्यापाशी प्रार्थनेला बसायचे तिच्यापाशीच हात पसरायचा. अखेर चर्चच्या मदत-समितीकडे निधी सोपवला. मुलाने अर्ज तिकडे करायचा, पैसे थेट कॉलेजच्या रोखपालाकडे जायचे, आणि बाईंना नाव कळायचेही नाही. ही व्यवस्था एप्रिलमध्ये सुरू झाली. गटाचा सर्वांत भरवशाचा विद्यार्थी-नेता जानेवारीतच फीच्या बाकीमुळे नाव काढून बसला होता.

कार्यक्रमांतली एक गोष्ट मुलांनीच सुरू केली. पहाटे सहाला, बसमध्ये असताना, सगळे एका फोन-क्रमांकावर जोडले जायचे आणि पंधरा मिनिटे प्रार्थना व्हायची. कृष्णवर्णीय चर्चमध्ये अशा फोनवरच्या प्रार्थना रूढ आहेत, आज्या रोज करतात. कार्यालयाने सुचवलेल्या ॲपपेक्षा हा आज्यांचा मार्ग टिकला.

पगार

देणगीदार शोधून पगार उभा करण्याची पद्धत कागदावर सगळ्यांना सारखी असते. पण कुणाच्या ओळखीत किती पैसा आहे यावर ती चालते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०१९ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती (निम्मी कुटुंबे तिच्या वर, निम्मी खाली) १,८८,२०० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची २४,१०० डॉलर होती. बाईंच्या नातेवाइकांनी हात आखडता घेतला असे नव्हते. ते दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, आपल्या चर्चला देत, आणि एखाद्या व्यक्तीला दरमहा पगार पाठवण्याची रीत त्या मंडळींत नाही. म्हणून बाईंचे बरेच देणगीदार उपनगरांतले गोरे होते. मोर्चातले छायाचित्र फिरल्यावर त्यांतल्या दोघांनी देणगी थांबवली, आणखी काहींनी खुलासा मागितला. २०१६ च्या उन्हाळ्यात संस्थेने नियमावर बोट ठेवून त्यांचे कामाचे तास आणि पगार दोन्ही कमी केले.

समितीत मी आणि आणखी एकाने मागणी केली की शहरातल्या सगळ्या कार्यकर्त्यांच्या देणग्यांतून ठरावीक भाग सामाईक निधीत जावा. इतरांचे म्हणणे होते की देणगीदाराने ज्याला दिले त्यालाच ते पोहोचले पाहिजे. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही, देणगीदाराच्या विश्वासाचा प्रश्न आहे. तोडगा निघायला २०१७ उजाडले. सामाईक निधीला नवे देणगीदार शोधले, आणि त्या बॅप्टिस्ट चर्चसह साउथ साइडच्या आणखी काही मंडळ्यांनी मिळून दरमहा ठरावीक रक्कम द्यायचे कबूल केले. पण तोवर बाईंनी एका शाळेत अर्धवेळ नोकरी धरली होती.

निष्पत्ती

बुधवारची दुपार रुजली. पहिल्या वर्षअखेरीस गुरुवारच्या कित्येक पट मुले नियमित येत होती आणि त्यांत गायनवृंदातली होती. चर्चशी एकदा खटका उडाला: नव्या साहाय्यक पाळकांनी जेवणाच्या टेबलावर चर्चची कार्डे ठेवली, आणि दुसऱ्या मंडळीच्या पाळकांचा फोन आला. त्यानंतर तोंडी करार लेखी झाला आणि सहा पाळकांनी त्यावर सह्या केल्या.

इतिहासाचा विद्यार्थी पदवी घेऊन शाळेत शिक्षक झाला. तो आजही स्वतःला ख्रिस्ती म्हणवत नाही. तो जेवायला, वाद घालायला आणि कधीकधी प्रार्थनेच्या फोनवर नुसता ऐकायला शेवटपर्यंत येत राहिला. फीमुळे गेलेला विद्यार्थी-नेता परतला नाही. तो शहराची बस चालवतो आणि आपल्या चर्चमध्ये संडे स्कूल घेतो.

बाई २०१८ च्या उन्हाळ्यात संस्था सोडून रुग्णालयातल्या धर्मसेवेच्या प्रशिक्षणाला गेल्या. थकून गेल्या, हे लिहिले पाहिजे. त्यांच्या जागी गटातून तयार झालेली एक मुलगी आली आणि तिचा पगार पहिल्या दिवसापासून सामाईक निधीतून होता.

वेगळे काय करता आले असते

क्रम. मदतनिधी आधी आणि सभेची फेररचना मागून व्हायला हवी होती. अनुदान अडकल्याची बातमी २०१५ च्या उन्हाळ्यातच आली होती, तेव्हा चर्चच्या मदत-समितीशी बोलायला काहीच आडकाठी नव्हती. आम्ही सभेची वेळ या प्रश्नावर महिने घालवले, कारण तो आमच्या ओळखीचा प्रश्न होता.

पाळकांशी करार पहिल्या दिवशीच लेखी हवा होता. चांगल्या माणसांमधली तोंडी बोलणी त्या माणसांपुरतीच टिकतात आणि चर्चमध्ये माणसे बदलतात.

मोर्चाच्या बाबतीत दोष मी बाईंकडे देत नाही. पोलिसांच्या गोळीबाराचा प्रश्न साउथ साइडला कधीही येऊ शकतो, हे संस्थेला २०१४ मध्ये नेमणूक करतानाच कळायला हवे होते. कार्यकर्ती रस्त्यावर उभी राहिली आणि देणगीदार रागावले तर पगाराची जबाबदारी संस्थेची, असा नियम नेमणुकीच्या पत्रातच असता तर बाई कदाचित आजही तिथे असत्या. आताच्या पत्रात तो आहे.

अहवालाचा तक्ताही बदलला. पूर्वी त्यात एकच रकाना होता, साप्ताहिक सभेची उपस्थिती. आता विद्यार्थी आपल्या चर्चमध्ये काय जबाबदारी घेतो, त्याची पुढच्या सत्राची नोंदणी झाली का, आणि नसेल तर कशामुळे, हेही विचारले जाते. नोंदणी अडल्याच्या कारणावर विभागप्रमुखांना दहा दिवसांत उत्तर द्यावे लागते.

रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या मुलांपर्यंत मात्र बुधवारची दुपार कधीच पोहोचली नाही. हे बहुतेक पुरुष विद्यार्थी आहेत आणि कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्यांत त्यांचाच भरणा दिसतो. नव्या कार्यकर्तीने त्यांच्यासाठी सकाळी सातला, पाळी सुटते त्या वेळी, गोदामाजवळच्या एका उपाहारगृहात बसायला सुरुवात केली होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाने ते थांबवले आणि पहाटेचा प्रार्थनेचा फोन तेवढा चालू राहिला. उपाहारगृहातली बैठक पुन्हा सुरू करायची की त्या मुलांसाठी फोनचीच वेळ बदलायची, यावर समितीत अजून एकमत झालेले नाही.